मदत हवी आहे: इलेक्ट्रिक गाडीचं सॉफ्टवेअर अपडेट डाउनलोड होतं, पण इन्स्टॉल होत नाही. परवा निघायचंय!

रानवारा:
तीन रात्री झाल्या. अपडेट पूर्ण डाउनलोड होतं, स्क्रीनवर इन्स्टॉल करू का असं विचारतं, मी हो म्हणते, गाडी लॉक करून वर येते. सकाळी बघते तर आवृत्ती जुनीच, आणि ‘अटी पूर्ण नसल्याने इन्स्टॉल झाले नाही’ एवढाच निरोप. कुठल्या अटी, ते लिहिलेलं नाही. बॅटरी ७८ टक्के आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही. परवा पहाटे लांब जायचंय. या अपडेटमध्ये फास्ट चार्जरवर पोचण्याआधी बॅटरी योग्य तापमानाला आणण्याची सोय आलीय आणि मला ती या प्रवासाला हवीच आहे. सर्व्हिस सेंटर पुढच्या आठवड्यातली वेळ देतंय. कुणाला असा अनुभव आलाय का? लवकर सांगा प्लीज.

अनुस्वार:
गाडी कोणती, किती जुनी? डाउनलोड घरच्या वायफायवर होतं की गाडीतल्या सिमवर? इन्स्टॉल करताना चार्जर लावलेला असतो की काढलेला? आणि गाडीला बाहेरून काही जोडलंय का? एवढं कळल्याशिवाय नेमकं सांगता येणार नाही.

लालदिवा:
सरळ फॅक्टरी रीसेट मारा. माझ्या गाडीचं असंच अडकलं होतं. रीसेट केलं आणि त्याच रात्री झालं.

कोडकरी:
रानवारा, रीसेटची घाई करू नका. त्याने बहुतेक गाड्यांत फक्त स्क्रीनकडचा भाग पुसला जातो: जोडलेले फोन, सीटच्या नोंदी, साठवलेले पत्ते. मोटर, चार्जिंग, ब्रेक यांचे कंट्रोलर (छोटे संगणक) वेगळे असतात आणि अपडेट त्यांच्याकडेही जायचं असतं. अडचण तिकडे असेल तर रीसेट करून काही सुटणार नाही. उलट परवा निघायच्या आधी सगळं पुन्हा भरत बसावं लागेल. काही गाड्यांत फोनमधली डिजिटल किल्लीही पुन्हा जोडावी लागते.

लालदिवा:
माझं काम झालं, म्हणून सांगितलं.

रानवारा:
अनुस्वार, कंपनीकडे लेखी तक्रार चालू आहे म्हणून गाडीचं नाव इथे लिहीत नाही, व्यनि (खाजगी निरोप) केलाय. दोन वर्षं जुनी आहे. घरचं वायफाय. चार्जर एकदा लावून पाहिला, दोनदा काढून. बाहेरून वेगळं काही नाही, नेहमीचंच आहे सगळं.

ओलीपाऊलवाट:
वायफायच असणार बघा. तळघरातल्या पार्किंगमध्ये ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतींमधून पोचत नाही. २.४ गिगाहर्ट्झवर जोडा. फोनचा हॉटस्पॉट वापरत असाल तर आयफोनमध्ये ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ चालू करा, म्हणजे तो २.४ वर येतो. आणि हॉटस्पॉटला कुणी जोडलेलं नसलं की तो आपोआप बंद पडतो, तेही लक्षात ठेवा.

अनुस्वार:
ओलीपाऊलवाट, डाउनलोड पूर्ण होतंय असं त्यांनी पहिल्याच ओळीत लिहिलंय. अडतंय ते त्याच्या पुढे.

गुलमोहर:
७८ टक्के ठेवलीत हे चांगलं केलंत. निकेल असलेल्या बॅटरीला रोज ८० टक्क्यांच्या आसपास ठेवावं. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) असेल तर मात्र अधूनमधून १०० टक्के करायची असते. तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे चार्ज किती उरलाय याचा अंदाज गाडीला नीट लागत नाही. पूर्ण भरली की हिशेब पुन्हा जुळतो. तुमची कोणती आहे?

रानवारा:
गुलमोहर, धन्यवाद, पण माझा प्रश्न तो नाहीये. अपडेट का होत नाही एवढंच हवंय.

सदाशांत:
ताई, मी वेगळं सांगतो. परवा निघायचंय ना? मग अपडेट करूच नका. चालत्या गाडीला हात लावू नये. मी माझी गाडी कधीच अपडेट करत नाही, उत्तम चालते. अर्धवट राहिलं आणि गाडी उठलीच नाही तर प्रवासच जाईल.

कोडकरी:
प्रवासाच्या आदल्या रात्री करू नये, एवढं पटतं. कधीच करू नये, हे अजिबात पटत नाही. २०१८ साली टेस्ला मॉडेल ३ च्या चाचणीत कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकी चाचणी संस्थेला ताशी ६० मैलांवरून थांबायला १५२ फूट लागले आणि त्यांनी गाडीची शिफारस केली नाही. कंपनीने एबीएसचं (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचं) सॉफ्टवेअर बदलून गाड्यांना इंटरनेटवरूनच पाठवलं. पुन्हा मोजलं तेव्हा १३३ फूट. १९ फुटांचा फरक, आणि कुणालाही गॅरेजमध्ये जावं लागलं नाही. अपडेटच न घेणारा माणूस तो फरक गमावतो.

सदाशांत:
ते ब्रेकचं होतं. रोजची अपडेटं म्हणजे बटणांच्या जागा हलवणं. गाडी चालवताना एसीचं बटण शोधायला लागलं की नजर रस्त्यावरून हटते. हा सुरक्षेचाच प्रश्न आहे.

कोडकरी:
बटणांबद्दलचा राग मलाही आहे. पण सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच पाकिटातून येतात, वेगळ्या मागता येत नाहीत. हा प्रकार कंपन्यांच्या मर्जीवर राहू नये म्हणून संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक १५६ आला. तो जानेवारी २०२१ पासून अमलात आहे, आणि युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीला लागू आहे. अपडेट फसलं तर गाडी आधीच्या आवृत्तीवर परतली पाहिजे किंवा सुरक्षित अवस्थेत राहिली पाहिजे, पुरेशी वीज असल्याशिवाय अपडेट सुरूच होता कामा नये, हे त्यात आहे. रानवारा, तुमची गाडी तेच करतेय असं मला वाटतं. ती बिघडलेली नाही, सुरू करायला नकार देतेय.

मल्टिमीटर:
आत्ता धागा पाहिला. ‘पुरेशी वीज’ हाच मुद्दा आहे. १२ व्होल्टची बॅटरी किती दाखवते?

रानवारा:
अहो, ७८ टक्के लिहिलंय की वर.

मल्टिमीटर:
ती मोठी बॅटरी. मी छोटीबद्दल विचारतोय. तुमच्या गाडीत दोन बॅटऱ्या आहेत. मोठी मोटर चालवते. दरवाजांची कुलपं, स्क्रीन, सगळे कंट्रोलर आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे काँटॅक्टर हे सगळं १२ व्होल्टवर चालतं. गाडी चालू असताना डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठीतून छोटीला भरत राहतो. गाडी झोपली की काँटॅक्टर उघडतात आणि छोटी एकटी उरते. इन्स्टॉल चालू असताना बऱ्याच गाड्यांत भार तिच्यावरच येतो, म्हणून गाडी आधी तिची तब्येत बघते आणि कमी वाटली तर थांबते. मोठी १०० टक्के असली तरी त्याने काही बदलत नाही. मीटर आहे का घरी?

रानवारा:
शेजारच्या काकांकडून आणला. आत्ताच ऑफिसातून आले, बॉनेट उघडून लावला. १४.२. म्हणजे उत्तमच ना? मग आता पुढे काय?

मल्टिमीटर:
१४.२ हा कन्व्हर्टरचा व्होल्टेज, बॅटरीचा नाही. गाडी जागी आहे. असं करा: बॉनेट उघडं ठेवा, गाडी लॉक करा, किल्ली आणि फोन दोन्ही लांब ठेवा. दोन-तीन तासांनी दार न उघडता थेट बॅटरीच्या टोकांवर मोजा. दार उघडलंत की गाडी उठते आणि आकडा पुन्हा फसवा येतो. लेड-ॲसिड असेल तर १२.६ च्या वर चांगली, १२.२ म्हणजे निम्म्यावर आली, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी.

लालदिवा:
चार्जर लावूनच अपडेट करा, मग विजेचा प्रश्नच येणार नाही. साधी गोष्ट आहे.

कोडकरी:
प्रत्येक गाडीत तसं नसतं. चार्जिंग चालू असताना चार्जरचा कंट्रोलर कामात असतो, त्यामुळे कित्येक गाड्या त्या वेळी इन्स्टॉल करायला नकार देतात. मॅन्युअलमध्ये अपडेटच्या पानावर लिहिलेलं असतं.

दूरचा_रस्ता:
अवांतर होतंय, पण लांब निघताय म्हणून सांगतेच. हवा भरायचा छोटा पंप घेतलाय का? बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनी नसते, एक सीलंटची बाटली देतात. टायरची बाजू फाटली तर ती बाटली कामाची नाही, पण खिळ्याच्या बारीक भोकाला पंप आणि सीलंट पुढच्या गावापर्यंत नेतं. मी या पंपामुळे दोनदा वाचलेय. गाडी जड असते, हवा कमी असली की रेंज लगेच घटते, म्हणून निघण्यापूर्वी टायर थंड असतानाच हवा बघा.

ओलीपाऊलवाट:
कोणता पंप? स्वतःची बॅटरी असलेला की १२ व्होल्टच्या सॉकेटवरचा?

दूरचा_रस्ता:
सॉकेटवरचा. बॅटरीवाला नेमका गरजेच्या वेळी चार्ज नसतो.

रानवारा:
पंपाचं नंतर. रात्री साडेअकराला मोजलं, दार न उघडता. १२.०८. आता?

मल्टिमीटर:
सापडलं. दोन वर्षांची बॅटरी, रोज चालणारी गाडी, तरी १२.०८ म्हणजे एक तर बॅटरी थकलीय किंवा रात्रभर कुणीतरी पितंय. अनुस्वारांनी पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं, तेच पुन्हा विचारतो. ‘नेहमीचंच’ म्हणजे काय काय लावलंय? एकेक लिहा.

रानवारा:
मॅट, सनशेड, फोनचा स्टँड. डॅशकॅम आहे, पुढचा-मागचा, पार्किंगमध्येही रेकॉर्ड करतो. आणि स्टिअरिंगच्या खाली, गाडी तपासायच्या सॉकेटमध्ये (ओबीडी), तो ब्लूटूथ डोंगल, बॅटरीची तब्येत ॲपवर दिसते म्हणून दोन महिन्यांपूर्वी लावला. पण हे सगळेच लावतात, म्हणून लिहिलं नाही.

अनुस्वार:
मी ‘बाहेरून काही जोडलंय का’ विचारलं होतं ते याचसाठी.

मल्टिमीटर:
दोन्ही दोषी असू शकतात. डोंगल गाडीच्या नेटवर्कवर सारखा प्रश्न विचारत राहिला तर कंट्रोलर झोपतच नाहीत, आणि जागी गाडी तासन् तास १२ व्होल्ट खाते. शिवाय इन्स्टॉल करताना गाडी त्याच वायरवरून कंट्रोलरांशी बोलते, मध्ये तिसरा बोलणारा नको. डॅशकॅम पार्किंगमध्ये दिवसरात्र चालत असेल तर तो वेगळा खर्च. आज डोंगल उपटून ठेवा, कॅमेऱ्याचं पार्किंग रेकॉर्डिंग बंद करा. गाडी पार्कमध्ये, पण ‘रेडी’ (चालू, निघायला तयार) स्थितीत दोनेक तास ठेवा, म्हणजे छोटी भरेल. मग लॉक करा, तीन तासांनी मोजा. १२.५ च्या पुढे टिकली तर इन्स्टॉल करा.

दूरचा_रस्ता:
कॅमेरा बंद करायला सांगणं मला पटत नाही. पार्किंगमध्ये माझ्या गाडीला कुणी घासून गेलं तेव्हा कॅमेऱ्यामुळेच नंबर मिळाला. वायरिंग किटमध्ये व्होल्टेजची मर्यादा ठरवता येते. ती ११.८ वर असेल तर बॅटरी रिकामी होईपर्यंत कॅमेरा चालतो. १२.४ वर ठेवा.

मल्टिमीटर:
१२.४ ची मर्यादा मान्य. तरी अपडेटच्या रात्री कॅमेरा बंदच हवा. कायमचं हवं असेल तर कॅमेऱ्याला स्वतःची वेगळी बॅटरी लावा, ती गाडी चालू असतानाच भरते आणि गाडीच्या १२ व्होल्टला रात्री हात लावत नाही.

सदाशांत:
पण ताई, छोटी बॅटरी अशी उतरलेली असताना प्रवासाला निघणं बरोबर आहे का? हा माझा खरा प्रश्न आहे.

कोडकरी:
चांगला प्रश्न. डोंगल काढूनही १२.२ च्या आसपासच राहिली तर आधी बॅटरी तपासून घ्या, अपडेट विसरा. कन्व्हर्टरचीही शक्यता असते. २०२४ मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी काही इलेक्ट्रिक मॉडेल्स परत बोलावली होती, कारण चार्जिंगचा एकत्रित युनिट बिघडून १२ व्होल्ट भरणं थांबू शकत होतं. रानवारांना मात्र १४.२ दिसला, म्हणजे इथे कन्व्हर्टर भरतोय.

गुलमोहर:
जवळ एक जंप स्टार्टर (छोटी बॅटरी उतरली तर गाडी उठवणारी पॉवर बँक) ठेवा. पण बॉनेटखालच्या डिकीत ठेवू नका. काही गाड्यांची ती डिकी विजेनेच उघडते, १२ व्होल्ट गेले की जंप स्टार्टर आतच अडकतो. सीटखाली ठेवा, आणि दार उघडायची साधी किल्ली तुमच्याजवळ ठेवा.

रानवारा:
गुलमोहर, हे मात्र खूप उपयोगाचं सांगितलंत. माझा आत्ता तिथेच आहे. काढते.

रानवारा:
अपडेट झालं!! सकाळी डोंगल आणि कॅमेरा दोन्ही काढले, दोन तास गाडी रेडीत ठेवली, लॉक करून तीन तासांनी मोजलं: १२.५६. चार्जर काढलेला होता. इन्स्टॉलला ४० मिनिटं लागली, मध्ये स्क्रीन दोनदा काळी झाली तेव्हा जीव घाबरला, पण हात लावला नाही. मल्टिमीटर, तुमचे मनापासून आभार. अनुस्वार, पहिल्याच प्रश्नाचं पूर्ण उत्तर द्यायला हवं होतं, वेळ वाचला असता.

अनुस्वार:
झालं ना, छान. निघण्यापूर्वी चार्जिंगची मर्यादा, चार्जिंगची वेळ आणि ब्रेकिंगचं रीजन (पाय उचलला की मोटर गाडी हळू करून वीज परत बॅटरीत भरते ते) किती ठेवलंय ते एकदा बघा. अपडेटनंतर यातलं काही मूळ जागी गेलेलं असतं. रीजन कमी झालेलं असेल तर पहिल्याच वळणावर गाडी पुढे ढकलल्यासारखी वाटते.

रानवारा:
रीजन खरंच मधल्या पातळीवर गेलं होतं. परत वर केलं. चार्जिंगची वेळही पुसली गेलीय.

मल्टिमीटर:
परत आल्यावर डोंगल न लावता आठवडाभर रोज सकाळी मोजा. १२.५ टिकलं तर बॅटरी चांगली आहे. मग डोंगल हवा असेल तर वापरताना लावा, काम झालं की काढा.

ओलीपाऊलवाट:
दूरचा_रस्ता, तो सॉकेटवरचा पंप गाडी बंद असताना चालतो का? माझ्या गाडीत सॉकेट गाडीबरोबरच बंद होतं.

दूरचा_रस्ता:
माझ्याही. गाडी रेडीत ठेवूनच चालवते, म्हणजे छोटी बॅटरीही उतरत नाही. वायर मागच्या चाकापर्यंत पोचते का ते घेण्यापूर्वी मोजून घ्या.