मय्यतीनंतर कारखान्याची वही उघडली, कुणाचं देणं आधी?

यंत्रमाग_सोलापूर विचारतात:
अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा छोटा कारखाना. मालक वारले. मागे पत्नी, एक मुलगा, दोन मुली. धाकटी अजून अज्ञान आहे. मालकांचे आई-वडील हयात नाहीत. वहीत सूतवाल्याची उधारी २,६०,००० आणि चार कामगारांची थकलेली मजुरी ३८,००० निघते. त्यातला एक कामगार तेलंगणात गावी गेलाय, त्याचा फोन लागत नाही. निकाहनाम्यातला मेहेर (लग्नात पत्नीला देणं ठरलेली रक्कम किंवा वस्तू) २ तोळे सोनं, तोही दिलेला नाही. मुलगा म्हणतो, आधी चाळिसावा (चाळिसाव्या दिवसाची दावत) नीट करू, देणी मग बघू. बहिणी हक्कसोड देतील असंही म्हणतो. हनफी मताप्रमाणे (सुन्नी मुसलमानांच्या चार कायदेपंथांपैकी एक) क्रम काय?

विजापूरवेस:
एखादी वस्तू गहाण असेल तर त्या वस्तूवर गहाणदाराचा हक्क सगळ्यांत आधी. मग बेताच्या खर्चात कफन-दफन. मग सगळी देणी. उरलेल्याच्या जास्तीत जास्त एक तृतीयांशात वसीयत (मृत्युपत्रानं दिलेलं), आणि त्यानंतर वारसांचे हिस्से. सूरह निसाच्या ११व्या आयतीत वसीयतीचा उल्लेख कर्जाआधी येतो, त्यावरून पुष्कळांचा घोटाळा होतो. पण हजरत अलींनी सांगितलेल्या रिवायतीत पैगंबरांनी (स.) कर्ज आधी फेडायला लावलं, आणि फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रात, यावर वाद नाही.

पत्नीचा मेहेर हे कर्जच, सूतवाल्याच्या आणि कामगारांच्या रांगेत बसणारं. तो वाटणीतल्या हिश्श्यात जिरवायचा नाही. समजा सगळं फेडून १६ लाख उरले: पत्नीला आठवा हिस्सा म्हणजे २ लाख, उरलेल्या १४ लाखांत मुलाला ७ आणि मुलींना साडेतीन-साडेतीन लाख.

मालमत्ता कमी पडली तर देणं प्रमाणात वाटायचं. देणी ४ लाख आणि हातात ३ लाख असतील, तर प्रत्येकाला रुपयामागे ७५ पैसे. सूतवाला रोज दारात येतो म्हणून त्याचं पूर्ण चुकतं केलं आणि कामगार गप्प आहे म्हणून त्याला थांबवलं, हा अन्यायच. वारसांवर स्वतःच्या खिशातून भरण्याची सक्ती नाही. कुणी भरलं तर मोठं पुण्य.

नई_जिंदगी_७:
चाळिसाव्याबद्दल. न वाटलेल्या पैशातून दावत घातली तर त्या ताटात धाकटीचा हिस्सा असतो. अज्ञान मुलगी संमती देऊ शकत नाही, आणि तिच्या वतीने आई किंवा भाऊही "चालेल" म्हणू शकत नाहीत. ज्याला करायचं त्यानं आपल्या कमाईतून करावं. बुखारीत (पैगंबरांच्या हदीसांचा, म्हणजे वचन-आचरणाच्या नोंदींचा संग्रह) आहे, तीन दिनारांचं कर्ज मागे होतं म्हणून पैगंबरांनी (स.) एका जनाज्याची नमाज स्वतः पढवली नाही; त्यांचे साथीदार अबू कतादांनी ते कर्ज अंगावर घेतल्यावरच पढवली. तिथे नमाज अडली, आणि इथे बिर्याणी अडत नाही!

हक्कसोडही तसाच. धाकटीचं हक्कसोडपत्र कुणीही लिहून देऊ शकत नाही. मुस्लिम कायद्यात आई अज्ञान मुलांच्या मालमत्तेची आपोआप पालक ठरत नाही, मोठा भाऊही नाही. आजोबा नाहीत आणि वडिलांनी कुणाला नेमलंही नाही, तर कोर्टाकडून नेमणूक लागते. थोरलीचं म्हणाल तर "माहेर तुटेल" या धाकानं केलेली सही मनापासूनची नसते. नुसतं तोंडी "माफ केलं" म्हटल्यानं घरातला, मागातला तिचा हिस्सा सुटतही नाही. आधी हिस्सा तिच्या नावावर, ताब्यात द्या. नंतर तिनं राजीखुशीनं भावाला दिला तर प्रश्न नाही. किंवा ठरावीक रक्कम घेऊन वाटणीतून बाहेर पडायची तिची स्वतःची तयारी असेल तर तेही चालतं.

बाळीवेस_कट्टा:
मेहेर माफीचं विसरू नका. मय्यत दारात असताना चार बायका विधवेला घेरून "माफ कर" म्हणवून घेतात. दबावाखालची ती माफी धरू नये. मेहेर सोन्यात ठरलाय तर २ तोळे सोनं किंवा आजचा भाव, निकाहच्या वर्षीचा नाही.

साधा_माणूस:
गेलेल्या कामगाराचे पैसे मशिदीच्या बांधकामाला देऊन टाकले तर?

विजापूरवेस:
नाही. माणूस शोधण्याआधी त्याच्या पैशाचं पुण्य परस्पर वाटायचं नसतं. जॉबरला (कामगार लावणाऱ्या मुकादमाला) विचारा, त्याच गावचे दुसरे कामगार गाठा, हजेरीपटावर बँक खातं असेल तर थेट त्यात भरा, आधारवरच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र टाका. तो वारला असेल तर त्याच्या वारसांना. सापडण्याची आशाच संपली तर त्याच्या नावानं गरिबांना सदका (दान), आणि वहीत तशी नोंद. पुढे तो आला आणि सदका त्याला मान्य नसेल, तर रक्कम पुन्हा द्यावी लागते.

तो पद्मशाली (विणकर समाजातला हिंदू) आहे की मुसलमान, यानं देण्यात काही बदल होत नाही. पूर्ण काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतीला आपण स्वतः उभे राहू, असं अल्लाह म्हणतो, ही हदीसही बुखारीतच आहे. त्यानं उचल घेतली असेल तर वहीतली नोंद दाखवून वळती करा. डागी मालाची कपात आता मागाहून लावायची नाही.

आणि कुणी वकील "तीन वर्षांची मुदत गेली" म्हणेल. कोर्टात वसुलीचा दावा अडेल, देणं मात्र मयताच्या मानेवरून उतरत नाही.

यंत्रमाग_सोलापूर:
सूतवाला उशिराचं व्याज मागतोय.

नई_जिंदगी_७:
मुद्दल २,६०,००० तेवढं मयताच्या मालमत्तेतून द्या, पावती घ्या आणि वहीत खातं बंद करा. वाढीव रक्कम न वाटलेल्या पैशातून देऊ नका, त्यात परत धाकटीचा हिस्सा येतो. बिलावर व्याजाची अट छापलेली असेल, तर रक्कम देण्याआधी ते बिल मुफ्तीसाहेबांना (धर्मकायद्याच्या जाणकारांना) दाखवा.