नाहुआत्ल : अवयवांची यादी पाठ, पण वाक्यात ते शब्द दिसतच नाहीत

एरंडवणेकर
नाहुआत्ल (मेक्सिकोतली मूळ भाषा) शिकतोय. यादीत हात 'माइत्ल', पाय 'इक्शित्ल', कान 'नकास्त्लि'. वाक्यात मात्र 'नोमा', 'तोमा' असलंच काही येतं. यादी चुकीची का? शिवाय शेवटचा 'त्ल' जिभेवर बसत नाही. पुण्यात विचारणार कोणाला?

सामान्यरूप
यादी बरोबर आहे, ती रूपं सुटी आहेत इतकंच. बोलताना अवयव कुणाचा तरी असतो. मग शेवटचा त्ल, त्लि किंवा लि गळतो (माइत्लमध्ये 'इ'सकट) आणि आधी मालक लागतो: नो (माझा), मो (तुझा), इ (त्याचा, तिचा), तो (आपला). नकास्त्लि–नोनकास, यकत्ल (नाक)–नोयक, नेनेपिल्लि (जीभ)–नोनेनेपिल. इक्शित्लचं नोक्शि होतं, कारण 'नो'पुढे 'इ' गळतो. 'नोमाइत्ल' ही हमखास चूक, आपल्याकडच्या 'घोडाला'सारखी.

म्हणून पाठांतराच्या कार्डावर माइत्ल नको, नोमा लिहा. अप्पा बळवंत चौकात शाळेचा शरीररचनेचा तक्ता मिळतो, त्यावरच चिठ्ठ्या डकवा. दिवसाला सहा-सात पुरे.

चोरातला च
'त्ल' हा एकच व्यंजन आहे. जीभ 'त'च्या जागी टेकवा, सोडताना टोक तसंच ठेवून कडांनी नुसती हवा जाऊ द्या. घसा वाजला किंवा मागे 'अ' आला की बिघडलं. नाहुआत्ल रोमन लिपीत लिहितात, त्यात टीझेड म्हणजे 'चोर'मधला च, सीएच म्हणजे 'चहा'मधला. इंग्रजीवाल्यांना हा फरक शिकावा लागतो, आपल्याला फुकट. एक्सचा श, झेडचा स. जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर.

मराठी माणूस फसतो तो नकास्त्लिवर: नाक वाटतं, निघतो कान. उलट बोट म्हणजे मापिल्लि, अक्षरशः हाताचं मूल. 'हाताचं पिल्लू' म्हणून लक्षात ठेवा (नातं काही नाही, योगायोग). पायाच्या बोटाला शोपिल्लि.

सामान्यरूप
मांसाचं तेवढं सांभाळा. नकत्लचं 'नोनक' म्हणजे पिशवीतून आणलेलं माझं मटण. अंगावरचं मांस 'नोनकयो'. मांसासारखी अंगाबाहेरही असू शकणारी गोष्ट अंगाचाच भाग असेल, तर तिला 'यो' जोडतात; नोमा, नोनकासला तो लागत नाही.

आणि यादी कुठली ते आधी बघा. मोलिना या स्पॅनिश पाद्र्याचा 1571 चा कोश जुन्या नाहुआत्लचा. त्या भाषेत डोळा इश्तेलोलोत्लि, आजच्या वास्तेका (पूर्व मेक्सिकोतल्या) बोलीत इश्तियोल्लि. दोन्ही एकाच वहीत नकोत.

एरंडवणेकर
'तोमा' म्हणजे आपला हात की आमचा?

चोरातला च
दोन्ही. तो फरक मराठीत आहे, नाहुआत्लमध्ये नाही.