अल्लाहयार सय्यदमनेश कितपत मजल मारेल?

प्रश्न: २०१७च्या १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर इराणने जर्मनीला ४-० असे हरवले, त्यात गोल करणाऱ्या या आघाडीपटूबद्दल जाणकारांचे काय मत आहे?

प्रतिसाद १: बचावफळीच्या मागची मोकळी जागा हेरून धावणे हे त्याचे बलस्थान असून तो विंगवरूनही खेळतो आणि चेंडू गमावल्यावर प्रतिस्पर्ध्याच्या हात धुऊन मागे लागतो. गोलपुढची घाई मात्र नडते.

प्रतिसाद २: घाई सरावाने जाईल. हल सिटी या इंग्लिश क्लबमध्ये असताना मांडीच्या स्नायूच्या दुखापतीने त्याची लय बिघडवली, आणि ज्याची सगळी भिस्त वेगावर आहे त्याच्यासाठी (माझ्या मते) तेच अधिक चिंताजनक आहे.

प्रतिसाद ३: त्याने बेल्जियमच्या वेस्टर्लो क्लबकडे जाणे शहाणपणाचेच होते. इराणचाच आघाडीपटू मेहदी तारेमी २०२२-२३ मध्ये पोर्तुगीज लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला तेव्हा त्याने तिशी गाठली होती. सय्यदमनेशचा जन्म तर २००१चा आहे, म्हणजे त्याच्या हाती अजून वेळ आहे.