मल्टिपाथ (एकाच स्टोरेजकडे जाणारे अनेक मार्ग सांभाळणारं) पॅकेज चालू सर्व्हरवर अपडेट करावं का?

प्रश्न: रेड हॅट ८ (लिनक्स) आहे, प्रत्येक लनला (स्टोरेजवरून मिळालेली डिस्क) ४ पाथ (मार्ग), बूटपण सॅनवरूनच (नेटवर्कवरचं स्टोरेज). डिव्हाइस-मॅपर-मल्टिपाथ (हेच ते पॅकेज) अपडेट करताना मल्टिपाथडी (त्याचा डेमन, म्हणजे मागे चालत राहणारा प्रोग्राम) रिस्टार्ट होईल तेव्हा डेटाबेसचं आयओ (डिस्कवर वाचणं-लिहिणं) अडकेल का?

उत्तर १: नाही अडकणार, आयओ कर्नलमधून (लिनक्सचा गाभा) जातं आणि चालू आयओ फेल झालं तर दुसऱ्या पाथवर तोच वळवतो, डेमन पाथ तपासत राहतो आणि बरा झालेला पाथ परत चालू करतो, त्यामुळे डेमन फार वेळ बंद ठेवू नका.

उत्तर २: बूट सॅनवर आहे ना, मग खरी काळजी इनिटरामएफएसची (बूट होताना आधी लोड होणारी इमेज)!! मल्टिपाथ.कॉन्फची (मल्टिपाथच्या सेटिंगची फाइल) कॉपी त्यात असते, कॉन्फ बदलली तर जुनी इमेज बाजूला ठेवून ड्रॅकट -एफ (इमेज नव्याने बनवणारी कमांड) चालवा, मगच रीबूट.

प्रश्नकर्ता: ओके, आधी मल्टिपाथ -एलएल (पाथची स्थिती दाखवणारी कमांड) मध्ये चारही पाथ ॲक्टिव्ह रेडी दिसतायत का बघतो.

उत्तर १: अपडेटनंतरही बघा.