गजकर्ण, घरातली ट्यूब आणि महिला मंडळ: नीट कसं समजावू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. नवरात्राच्या आधी आमच्या महिला मंडळात त्वचेच्या काळजीवर अर्धा तास बोलायचं काम माझ्याकडे आहे. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवत होते. मागच्या महिन्यात एकदा बोलले आणि घोटाळा झाला, म्हणून विचारते आहे.

सुरुवात आमच्याच घरातली. सासूबाईंच्या कमरेला, परकराच्या नाडीखाली गजकर्ण झालं. इकडे पावसाळ्यात कितीतरी घरांत असतं, गुजरातीत धाधर म्हणतात. कोपऱ्यावरच्या दुकानातून ट्यूब आणली, दोन दिवसांत खाज गेली. मग नातवाच्या मांडीला तीच, कामाला येणाऱ्या ताईंच्या मानेला तीच. शेवटी तर सासूबाई ट्यूब कात्रीने उभी चिरून आतलं मलम बोटाने निपटून घेत होत्या. तीन महिन्यांत चट्टे पोटापर्यंत गेले, गोल कडाही राहिली नाही.

त्वचारोगतज्ज्ञांनी ट्यूब वाचून दाखवली: बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जोडीला क्लोबेटासोल, म्हणजे जहाल स्टिरॉइड. त्याने खाज आणि लाली दबते, बुरशी मात्र पसरत राहते. नातवाच्या मांडीवर भेगांसारखे व्रण उठलेत, ते पुरते जाणार नाहीत. केंद्र सरकारने २०१८ सालीच त्वचेवर लावायची १४ स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. आम्हाला कुणी चिठ्ठी विचारली नव्हती.

हे सगळं मी मंडळात तळमळीने सांगितलं आणि म्हणाले, 'स्टिरॉइडला हात लावू नका.' आठवड्याने शेजारीण आली. कडेवर नातू, त्याच्या कोपराच्या लवणीत इसब चिघळून पाणी सुटलेलं. डॉक्टरांनी दिलेलं मलम तिने माझं ऐकून बंद केलं होतं. इसबाला डॉक्टर स्टिरॉइडचंच मलम देतात, ठरावीक दिवसांसाठी. ते लालभडक कोपर अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

आता सांगा, गजकर्णावर ते नको आणि इसबावर सांगितल्याप्रमाणे हवं, हे एका दमात कसं सांगू? शिवाय ट्यूबवर सगळं इंग्रजीत, बारीक अक्षरात. क्लोट्रिमाझोल बुरशीचं, क्लोबेटासोल स्टिरॉइड. मलाही दोनदा वाचावं लागतं. फक्त गुजराती वाचणाऱ्या बायकांनी काय ओळखायचं?

निवृत्त परिचारिका, ग्वाल्हेर: ताई, औषधांची नावं पाठ करून घेऊ नका. एकच विचारायला शिकवा: 'ही ट्यूब कुणासाठी लिहून दिली होती?' दुसऱ्याची लावायची नाही आणि आपल्याला दिलेली मनाने सोडायची नाही. यात तुमच्या सासूबाई आल्या आणि शेजारीणही आली. डब्यावर 'आरएक्स' खूण दिसली की चिठ्ठी लागते, एवढं चित्र काढून दाखवा. आणि टॉवेल विसरू नका! घरात एकाला गजकर्ण असलं की सगळ्यांना तपासायचं, टॉवेल वेगळे, आतले कपडे उलटे करून कडक उन्हात. चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करायचे. बहुतेक जण तिथेच सोडतात.

धागाकर्ती: मावशी, मनापासून आभार. 'कुणासाठी लिहून दिली होती' हेच धरते. प्रत्येकीला घरातल्या ट्यूबा आणायला सांगणार आहे, ताटात मांडून एकेक विचारू. गरब्याच्या नऊ रात्री घट्ट नाडी आणि घामाने भिजलेली चोळी अंगावर असते, तेव्हा घरी आल्याबरोबर अंघोळ आणि कोरडे सुती कपडे हेही घालते. कुणाकडे गुजरातीतला चित्रांचा तक्ता असेल तर कृपया कळवा, घटस्थापनेच्या आधी छापून घ्यायचा आहे.