सहा चाकी ट्रकचा सायलेन्सर बदलायचा आहे: कोणता घ्यावा, बसवताना काय पाहावे?

जांभा_वाहतूक (रत्नागिरी)

नमस्कार. माझा २०१३ सालचा, बीएस-३ (धुराच्या प्रदूषणाचे जुने मानक), टर्बो (धुराच्या जोरावर फिरून जास्त हवा ढकलणारा पंखा) इंजिनाचा सहा चाकी ट्रक आंबा घाटातून कोल्हापूरकडे चिरा (जांभा दगड) घेऊन जातो. त्याच्या सायलेन्सरची खालची शिवण उसवली आहे. यापूर्वी एकदा पट्टी मारून घेतली होती, पण आता पत्राच इतका पातळ झाला आहे की वेल्डिंगचा रॉड टेकवला की नवे भोक पडते. दुकानदाराने कंपनीचा सायलेन्सर आणि त्याच्या जवळपास निम्म्या किमतीचा बाजारातला, असे दोन दाखवले. आमचे फिटर मात्र म्हणतात की आतले पडदे नसलेला सरळ पाइपच टाकावा, म्हणजे पिकअपही वाढेल आणि डिझेलही वाचेल. पुढच्या महिन्यात पासिंग (आरटीओची तपासणी) आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

करवीर_गॅरेज (कोल्हापूर)

सरळ पाइपाचा विचार आधी बाजूला ठेवावा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० नुसार प्रत्येक मोटार वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर असणे बंधनकारक आहे, त्यामुळे पासिंगला अडचण येणार हे उघड आहे. पिकअपचे म्हणाल, तर मूळ सायलेन्सर त्या इंजिनाचा धूर विनाअडथळा बाहेर जावा अशाच मापाने बनवलेला असतो. जुना गुदमरला असेल तर नवा बसवल्यावर गाडी मोकळी वाटते आणि त्याचे श्रेय लोक सरळ पाइपाला देतात. जुना काढल्यावर तो हलवून पाहावा. आत खडखडाट झाला, तर पडदा सुटून वाटेत आडवा आला होता असे समजावे. काळा धूर मात्र सायलेन्सर बदलून जात नाही. त्यासाठी एअर फिल्टर, डिझेलचे नोझल आणि पंप पाहावे लागतात, कारण बीएस-३ डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक (धुराची दाटता मोजण्याचे माप) आहे आणि पीयूसीचे यंत्र तेवढेच मोजते.

खरेदी करताना गाडीचे मॉडेल सांगून थांबू नये, जुना सायलेन्सर दुकानात घेऊन जावा. तोंडाचा व्यास, फ्लेंजच्या (सांध्यावरच्या चकतीच्या) भोकांमधील अंतर, डब्याची लांबी आणि कानांची (टांगण्याच्या पट्ट्यांची) जागा ही सर्व मापे जुळली पाहिजेत. ‘थोडे लहान आहे, रिड्यूसर (दोन मापांचे पाइप जोडणारा तुकडा) लावू’ हे उत्तर स्वीकारू नये: ४ इंची वाटेच्या जागी ३ इंची तोंड आले की धुराला मिळणारे क्षेत्र सुमारे ४४ टक्क्यांनी घटते, मागचा दाब वाढतो आणि चढावर टर्बो तापतो.

घाटमाथा_ट्रान्सपोर्ट

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु बाजारातला माल सरसकट वाईट असतो असे मला वाटत नाही. दोन्ही सायलेन्सर तराजूवर ठेवून पाहावेत. त्याच मापाचा डबा वजनाला बराच हलका भरला, तर पत्रा पातळ आहे किंवा आतले पडदे कमी आहेत, हे कोणी सांगावे लागत नाही.

आपल्या कोकणात सायलेन्सर बाहेरून खाऱ्या हवेने गंजतो हे सर्वांना ठाऊक आहे. तो आतूनही सडतो याकडे मात्र दुर्लक्ष होते. धुरात पाण्याची वाफ असते, आणि खाणीपासून डेपोपर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत डबा पुरेसा तापण्याआधीच इंजिन बंद झाले की तेच पाणी गंधकाचा अंश घेऊन तळाशी साचते, म्हणूनच आपली शिवण खालच्या बाजूने उसवली असावी. अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेला पत्रा साध्या पत्र्यापेक्षा जास्त टिकतो, मात्र वेल्डिंगच्या जागी तो थर जळतो, तेव्हा तिथे उष्णतारोधक रंग लावून घ्यावा. स्टेनलेसची पारख चुंबकाने करू नये. सायलेन्सरसाठी वापरले जाणारे ४०९ जातीचे स्टेनलेसही चुंबकाला चिकटते.

जांभा_वाहतूक (रत्नागिरी)

दोघांचेही आभार. बाजारातला खरोखरच बराच हलका भरला, म्हणून कंपनीचाच घेतला. आता दोन शंका आहेत. फिटर म्हणतात की क्लॅम्प सैल होतात, म्हणून सांधे वेल्डिंग करून टाकू. ते योग्य आहे का? आणि अलीकडे उतारावर एक्झॉस्ट ब्रेकची (धुराची वाट अडवून गाडीचा वेग रोखणाऱ्या ब्रेकची) पकड कमी जाणवते, तिचा सायलेन्सरशी संबंध असेल का?

करवीर_गॅरेज (कोल्हापूर)

एक्झॉस्ट ब्रेकची झडप टर्बो आणि सायलेन्सर यांच्यामध्ये असते आणि ती बंद झाल्यावर दाब इंजिनाच्या बाजूला कोंडला जातो, त्यामुळे फुटक्या सायलेन्सरने ब्रेक कमकुवत होत नाही. टर्बोच्या फ्लेंजपासून झडपेपर्यंतचे सांधे पाहावेत. गळती असेल तिथे काजळीचा काळा पट्टा उमटलेला दिसतो. तिथले पॅकिंग नवे टाकावे. सिलिकॉन लावून भागवू नये, त्या उष्णतेत ते टिकत नाही. काही न आढळल्यास झडप पूर्ण मिटते का आणि तिच्या सिलिंडरला हवा नीट पोहोचते का, ते तपासून घ्यावे.

सांधे वेल्डिंग करू नयेत. इंजिन रबरी माउंटिंगवर डोलते आणि सायलेन्सर चॅसिसला टांगलेला असतो. या दोहोंमधली हालचाल फ्लेक्सिबल (लवचीक) पाइप सोसतो. पाइपची रांग चुकली असताना पहारीने ओढून बोल्ट आवळले, की फ्लेक्सिबल पिळलेलाच राहतो आणि काही महिन्यांत फाटतो, किंवा सायलेन्सरचे कान तुटतात. त्यासाठी टांगणीची रबरे नवी घ्यावीत, सगळे बोल्ट आधी हातानेच सैल लावावेत, फ्लेक्सिबल आपल्या नैसर्गिक लांबीत सरळ बसला आहे हे पाहावे, आणि मग टर्बोकडून मागे एकेक सांधा आवळत यावे. गाडी एक फेरी तापून निवाली की क्लॅम्प पुन्हा आवळावेत; ते सैल होतात ही तक्रार बहुधा एवढ्यानेच मिटते. टर्बोजवळचे गंजलेले नट सोडवताना आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे आणि तरीही हलले नाहीत तर नट ग्राइंडरने कापावा. स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) मोडला तर काम दुप्पट होते.

जवळून जाणारे ब्रेकच्या हवेचे नायलॉन पाइप आणि वायरिंग बांधून दूर घ्यावे. डिझेलच्या नळीपासून धुराच्या पाइपाचे अंतर नियमानुसार किमान ३५ मिलिमीटर लागते, पण मी याहून बरेच जास्त ठेवतो. पाइपाचे शेवटचे तोंड उजवीकडे किंवा मागे हवे. डावीकडे किंवा जमिनीकडे वळवलेले नियमात बसत नाही. स्थानिक फिटर ते हमखास खाली वाकवतात, तेव्हा पासिंगला जाण्यापूर्वी एकदा वाकून पाहून घ्यावे.