सुपरपोझिशन खरी असते, की आपल्याला माहीत नसतं एवढंच?

संगमनेरची_शिक्षिका:
बारावीला फिजिक्स शिकवते. सुपरपोझिशनसाठी, म्हणजे कणाच्या दोन शक्यता एकत्र असलेल्या अवस्थेसाठी, मी आजवर हवेत भिरभिरणाऱ्या नाण्याचा दाखला देत आले. काल एका मुलीने विचारलं, "मॅडम, नाणं प्रत्येक क्षणी कुठल्या तरी एकाच बाजूला कललेलं असतं, आपल्याला दिसत नाही एवढंच. इलेक्ट्रॉनचंही तसंच नसेल कशावरून?" मी "उद्या सांगते" म्हणाले आणि रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. तिला हातात देता येईल असं उत्तर हवंय.

जुना_ऑप्टिक्सवाला:
मॅडम, नाणं सोडा. नाण्यापुरतं तिचं बरोबरच आहे. पोलरॉइडचे, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या पातळ पत्र्याचे, तीन तुकडे घ्या. दोन काटकोनात धरलेत की अंधार. मधे तिसरा ४५ अंशांत सरकवा, उजेड येतो! अडथळा वाढवला आणि प्रकाश वाढला. मी हे शेकडो वेळा केलंय, दर वेळी अंगावर काटा येतो.

आता मुद्दा. ४५ अंशांच्या तुकड्यातून आलेला फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, हा उभ्या आणि आडव्या कंपनांची सुपरपोझिशन असतो. तो आतून उभा किंवा आडवाच असता आणि आपल्याला फक्त ठाऊक नसतं, तर ४५ अंशांच्याच पुढच्या तुकड्यातून निम्मे फोटॉन अडायला हवे होते. अडत नाहीत. चांगल्या पोलरॉइडमधून जवळपास सगळे पार होतात. अज्ञान आणि सुपरपोझिशन यांची उत्तरं वेगळी येतात, ती मोजता येतात. म्हणून मी तिला खरी म्हणतो.

एमएस्सी_पुणे:
सर, पोलरॉइडचं सगळं साध्या प्रकाशलहरींनीही समजावता येतं. फोटॉन लागतच नाही.

जुना_ऑप्टिक्सवाला:
रास्त शंका. म्हणून फ्रान्समधल्या ओर्सेचा १९८६ चा प्रयोग सांगा. तिथल्या भौतिकशास्त्रज्ञ आलाँ आस्पे यांच्या गटाने एकेक फोटॉन अर्धपारदर्शक आरशावर सोडला. दोन्ही वाटांवर एकाच वेळी नोंद जवळपास होतच नाही, म्हणजे फोटॉन दुभंगत नाही. पण त्याच वाटा पुन्हा एकत्र आणल्या की व्यतिकरण, म्हणजे दोन वाटांच्या लहरी मिसळून प्रकाश कमीजास्त होणं, दिसतं.

आणि हे प्रकाशापुरतं नाही. १९९९ साली व्हिएन्नात कार्बनच्या ६० अणूंच्या रेणूंनीही व्यतिकरणाचे पट्टे दिले. पुढे २००४ मध्ये तिथेच ७० अणूंचे रेणू लेझरने तापवले. तापलेले रेणू स्वतःच प्रकाश टाकू लागले, त्या प्रकाशातून वाटेची माहिती बाहेर गेली आणि पट्टे पुसट झाले. बघायला कुणी माणूस नव्हता. आपल्या अज्ञानाचा खेळ असता तर रेणूच्या तापण्याने पट्टे का पुसावेत?

एमएस्सी_पुणे:
पटलं. तरी त्या मुलीची शंका पूर्ण मोडीत काढू नका. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोम यांच्या १९५२ च्या मांडणीत इलेक्ट्रॉन दर क्षणी एकाच जागी असतो, समोर दोन फटी असल्या तरी एकाच फटीतून जातो. त्याला वाट दाखवणारा तरंग मात्र दोन्हींतून जातो. क्वांटम अवस्था, म्हणजे कणाचं गणिती वर्णन, ही नुसती आपली माहिती असते, या मताला २०१२ च्या प्युसी, बॅरेट, रुडॉल्फ यांच्या प्रमेयाने मोठा धक्का दिला. पण त्यातही, वेगवेगळ्या तयार केलेल्या दोन वस्तू एकमेकींपासून स्वतंत्र असतात, हे गृहीत धरलंय.

संगमनेरची_शिक्षिका:
लॅबच्या कपाटात दोन पोलरॉइड सापडले. तिसरा बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरून सोलून काढला. सोमवारी तिच्याच हातात देणार. बोमचं सांगू का तिला? अभ्यासक्रमात नाही.

जुना_ऑप्टिक्सवाला:
सांगा. तिने विचारलंय.